काळजाचे ऑपरेशन आणि सिस्टरची नजर

जत्रेच्या दिवशी खाटकापुढे उभे राहून आपण म्हणतो, "जरा काळीज जास्त घाला." खाटीक काय देतो? तांबूस-काळपट, मऊ, गुळगुळीत असा तुकडा देतो. आणि घरी कोणी दचकले की आपण म्हणतो, "माझं काळीज धडधडतंय." आता बघा, धडधडते ते हृदय. खाटीक देतो ते यकृत. बोलताना आपण दोन्हींना काळीजच म्हणतो. या पाठात आपल्याला खाटकाच्या काळजाविषयी, म्हणजे यकृताविषयी बोलायचे आहे.

यकृत पोटात उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते. मोठ्या माणसाचे यकृत सव्वा ते दीड किलो भरते. ते काम काय करते? पन्हाळ्यावर गेला असाल तर अंबारखाना पाहिला असेल. जाड भिंतींची तीन दगडी कोठारे. गंगा, यमुना, सरस्वती अशी त्यांची नावे. १६६० साली सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. वेढा महिनोन्महिने चालला. बाहेरून दाणा येत नाही, तेव्हा गडाची शिबंदी कोठारावर जगते. यकृत हे शरीराचे असेच कोठार आहे. जेवलेल्या अन्नातली साखर ते साठवून ठेवते. रात्री आपण झोपतो, पोट रिकामे असते, तेव्हा यकृत थोडी थोडी साखर रक्तात सोडते. म्हणून सकाळी उठून आपण चालू शकतो.

पण ते नुसते कोठार नव्हे. जखम झाली की रक्त गोठते. ते गोठवणारी द्रव्ये बहुतेक यकृतात तयार होतात. औषध घेतले, दारू प्यायली, काही विषारी पोटात गेले, तर त्याची विल्हेवाट यकृत लावते. तेलतूप पचवणारे पित्तही तिथेच होते. आणि या सगळ्या कामासाठी दर मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त यकृतातून वाहते. दीड लिटर म्हणजे मोठा तांब्या भरून! अशा जागी सुरी लावायची, म्हणजे काम किती जोखमीचे, ते तुमच्या ध्यानात आले असेल.

सुरी लावतात ते सर्जन डॉक्टर. त्यांचे काम चार-सहा तासांत होते. पण त्याआधीचे कित्येक दिवस आणि त्यानंतरच्या कित्येक रात्री रोग्यापाशी कोण असते? परिचारिका. इस्पितळात आपण तिला सिस्टर म्हणतो. पुरुष असला तर ब्रदर म्हणतो. तीन-चार वर्षे अभ्यास करून, परीक्षा देऊन ही माणसे या कामाला लागतात. तरी पुष्कळांना वाटते, सिस्टर म्हणजे सुई टोचणारी बाई. आमच्या मते हा गैरसमज घालवल्याशिवाय ऑपरेशनची गोष्ट पुरी कळत नाही.

असे समजू, पन्हाळ्याच्या पायथ्याला एका वाडीत एक मामा राहतात. वय पंचावन्न. थोडी जिरायत, चाळीसेक मेंढरे, राखणीला दोन कुत्री. मामी संध्याकाळच्या साक्षरतेच्या वर्गाला जातात. जोडाक्षरे अजून अडतात, पण वाचतात. मामांना वर्षभर उजव्या बरगडीखाली जड जड वाटत होते. कोणी म्हणाले वात आहे, कोणी म्हणाले पोट चोळून घ्या. शेवटी मामी त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथून सोनोग्राफीला पाठवले. यकृतात नारळाएवढी पाण्याची गाठ निघाली. डॉक्टर तिला हायडॅटिड गाठ म्हणतात.

ही गाठ येते कुठून? कुत्र्याच्या आतड्यात एक चपटा जंत असतो. तांदळाच्या दाण्याएवढाही तो नसतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात. ती गवतावर पडतात, पाण्यात जातात, कुत्र्याच्या केसांना चिकटतात. मेंढरू ते गवत खाते, आणि त्याच्या काळजात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात. जत्रेला मेंढरू कापले की गाठी आलेले काळीज आपण खात नाही, कुत्र्याला टाकतो. झाले! कुत्र्याच्या पोटात पुन्हा जंत. माणूस या फेऱ्यात चुकून सापडतो. कुत्र्याला कुरवाळले आणि हात न धुता भाकरी खाल्ली, किंवा भाजी न धुता खाल्ली, की अंडी पोटात जातात. मग गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. शिजवलेले मटण खाऊन मात्र माणसाला ही गाठ होत नाही. तेव्हा मटणाला दोष देऊ नका.

प्रत्येक गाठ कापावी लागते असेही नाही. काही गाठी गोळ्यांनी आटतात. काहींवर नुसते लक्ष ठेवतात. मामांची गाठ मोठी होती, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन ठरवले. आधी काही दिवस जंताच्या गोळ्या दिल्या. या गोळ्या तेलातुपाच्या जेवणाबरोबर घेतल्या तर अंगी जास्त लागतात. "आणि पोट कुणाकडून चोळून घ्यायचं नाही," असे डॉक्टरांनी बजावले. गाठ आत फुटली तर जिवावर बेतते.

मामा कोल्हापूरच्या एका मोठ्या इस्पितळात दाखल झाले. मामींनी रेशनकार्ड, आधारकार्ड, सोनोग्राफीचा कागद असे सगळे एका पिशवीत घेतले होते. वॉर्डातल्या सिस्टरनी मामांचे वजन केले, नाडी पाहिली, रक्तदाब मोजला. मनगटाला नावाची पट्टी बांधली. मग खुर्ची ओढून बसल्या आणि विचारू लागल्या.

"मामा, आजवर कुठल्या औषधानं अंगावर पित्त उठलं? श्वास लागला?"

"न्हाई बाई."

"रक्त पातळ व्हायच्या गोळ्या? गुडघेदुखीच्या गोळ्या? कुणाचा काढा, पुडी?"

"काढा घेतला हुता म्हैनाभर. पोटासाठी."

सिस्टरनी लिहून घेतले. काही काढे यकृताला भारी पडतात, काही गोळ्यांनी रक्त लवकर थांबत नाही. यकृतावर ऑपरेशन व्हायचे तर हे आधी कळायलाच हवे.

"तंबाखू?"

"खातो की."

"आणि दारू?"

मामा खिडकीबाहेर बघू लागले. मामी पदराशी चाळा करू लागल्या. "न्हाई, तसली काय सवय न्हाई," मामा म्हणाले.

सिस्टर काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी मामी पाणी भरायला गेल्या तेव्हा त्या पुन्हा आल्या. पडदा ओढला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मामा, मी तुम्हाला रागवायला आलेले नाही. हा कागद फक्त डॉक्टर बघतील. रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरतात. माणूस बडबडतो, नळ्या ओढून काढतो, कधी फिट येते. ऑपरेशनच्या जखमेवर हे झालं तर मरणाशी गाठ. आधी माहीत असलं तर आम्हाला सांभाळता येतं."

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रोज घेतो. पंधरा वर्सं झाली. कालबी घेतली."

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख एक महिना पुढे ढकलली. मामी चिडल्या. त्यांचे चिडणेही बरोबरच होते. गाडीभाडे गेले, मेंढरे दुसऱ्याच्या गळ्यात घातली होती, रक्त द्यायला पुतण्या आला होता. "एवढं खरं बोलायची काय गरज हुती?" असे त्या मामांना म्हणाल्यासुद्धा. पण दुसऱ्या रात्री मामांचे हात कापू लागले. घाम सुटला. खाटेवर मेंढरे चढलीत असे म्हणू लागले. सिस्टर तयारीत होत्या. ठरवून ठेवलेले औषध दिले. उजेड मंद ठेवला. जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले. दर तासाला येऊन नाव विचारले, गाव विचारले. तिसऱ्या दिवशी मामा ताळ्यावर आले. मामी त्या रात्री जाग्याच होत्या. पोट कापलेल्या अवस्थेत हे झाले असते तर काय, हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही.

महिनाभराने मामा परत आले. दारू बंद, तंबाखू बंद. तंबाखूचे मात्र त्यांना जड गेले, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

आता सिस्टरनी दुसरी तयारी धरली. एक छोटे प्लास्टिकचे यंत्र दिले. त्यात तीन गोळ्या असतात. नळी तोंडात धरून श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात. मामांना हा पोरखेळ वाटला. पण त्यामागे कारण आहे. यकृताच्या ऑपरेशनची चीर बरगडीखाली असते. श्वास घेतला की तिथे दुखते. दुखते म्हणून माणूस अर्धाच श्वास घेतो. मग कफ साचतो, ताप येतो, न्यूमोनिया होतो. आधी शिकून ठेवले म्हणजे दुखत असतानाही करता येते. उशी पोटाशी घट्ट धरून खोकायचे कसे, कुशीवर वळून उठायचे कसे, तेही सिस्टरनी करून दाखवले.

रक्ताचा गट पाहिला. रक्त किती वेळात गोठते ते तपासले. रक्ताच्या पिशव्या राखून ठेवल्या. कावीळ असलेल्या रोग्याचे रक्त गोठायला वेळ लागतो. त्याला आधी के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. मामांना कावीळ नव्हती.

मग संमतीपत्र आले. पूर्वी अशा वेळी मामी अंगठा पुढे करीत. या वेळी त्यांनी कागद हातात घेतला. बोट ठेवून वाचू लागल्या. य-कृ-त. रक्त-स्राव. "हे रक्तस्राव म्हंजे रक्त जाणं न्हवं का?" त्यांनी विचारले. सिस्टरनी डॉक्टरांना बोलावून घेतले. डॉक्टरांनी दहा मिनिटे बसून सगळे सांगितले: रक्त जाऊ शकते, पित्त गळू शकते, गाठ पुन्हा होऊ शकते. मामांनीही ऐकले. मग सही मामांनी स्वतः केली, आणि साक्षीदार म्हणून खाली मामींनी केली. गर्दीच्या वॉर्डात घाई असते हे खरे. तरी कागद समजून घेण्याचा हक्क तुमचा आहे. तो मागायला लाजू नका.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री सिस्टरनी खाटेला पाटी अडकवली. "उपाशी." जेवण सहा तास आधी बंद. साधे पाणी दोन तास आधीपर्यंत, तेही सिस्टरनी सांगितले तरच. पुष्कळ घरांत दया येऊन पहाटे चहा पाजतात. "रिकाम्या पोटी कसा जाणार बिचारा?" भूल दिल्यावर पोटातले वर येते आणि फुप्फुसात उतरते. चहाच्या त्या एका कपाने माणूस दगावू शकतो. चुकून दिलाच असेल तर लपवू नका. ऑपरेशन थोडे उशिरा होईल, एवढेच.

सकाळी अंघोळ झाली. पोटावरचे केस मशीनने काढले. वस्तऱ्याने बारीक जखमा होतात, म्हणून वस्तरा टाळतात. कवळी, अंगठी, गंडा काढून मामींच्या हाती दिला. मामींनी जोतिबाचा अंगारा आणला होता. सिस्टर म्हणाल्या, "कपाळाला लावा मामी. पोटात मात्र काही द्यायचं नाही."

आता आपण ऑपरेशनच्या खोलीत डोकावू. नातेवाइकांना हे दिसत नाही, म्हणून थोडे सावकाश सांगतो.

आत दोन सिस्टर असतात. एक निर्जंतुक कपडे, हातमोजे घालून सर्जनशेजारी उभ्या राहतात आणि हत्यारे हातात देतात. दुसऱ्या खोलीत फिरत्या असतात. लागेल ते आणून देणे, लिहून ठेवणे, रक्त मागवणे ही त्यांची कामे.

भूल देण्याआधी मामांना विचारले, "नाव सांगा. कशाचं ऑपरेशन आहे?" मामांना हसू आले. महिनाभर हीच माणसे बघतात आणि नाव विचारतात! पण हे विचारायचेच असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनसाठी एका पानाची तपासयादी काढली. भूल देण्यापूर्वी, चीर घेण्यापूर्वी आणि रोगी बाहेर नेण्यापूर्वी, असे तीनदा थांबायचे आणि मोठ्याने विचारायचे. माणूस तोच ना? जागा तीच ना? रक्त तयार आहे ना? आठ देशांतल्या आठ इस्पितळांत ही यादी वापरून पाहिली. त्यात दिल्लीचेही एक होते. २००९ साली निकाल छापून आला. ऑपरेशननंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण शेकडा दीड होते, ते शेकडा एकाच्याही खाली आले. एक कागद आणि चार प्रश्न! अक्षराची ताकद म्हणतात ती अशीही असते.

मामांच्या गाठीत वेगळी जोखीम होती. गाठीतल्या पाण्यात जंताची बीजे असतात. थेंब जरी पोटात सांडला, तरी तिथे नव्या गाठी रुजू शकतात. दुसरे म्हणजे, त्या पाण्याची काही जणांना भयंकर बाधा होते. अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, रक्तदाब एकदम कोसळतो. म्हणून त्यावरचे अ‍ॅड्रिनलिन हे औषध फिरत्या सिस्टरनी आधीच तयार करून, नाव लिहून, हाताशी ठेवले होते. वेळ आल्यावर कपाट शोधत बसायला सवड नसते.

गाठीभोवती कापडाच्या घड्या दाबून बसवतात. त्या खारट पाण्यात भिजवलेल्या असतात. पुष्कळ ठिकाणी हे पाणी शंभर भागांत वीस भाग मीठ असे कडक असते. त्याने बीजे मरतात. शिरेतून आपण सलाईन देतो, त्यात शंभर भागांत एक भागही मीठ नसते. दोन्ही पाणी दिसायला सारखेच, नितळ. समजा बाटल्यांची अदलाबदल झाली आणि कडक मिठाचे पाणी शिरेत गेले, तर? म्हणून सिस्टर ती बाटली वेगळ्या टेबलावर ठेवतात, वाटीवर ठळक अक्षरांत नाव लिहितात आणि देताना मोठ्याने सांगतात, "वीस टक्के." आमच्या मते त्या खोलीतले सर्वांत महत्त्वाचे वाचन हेच.

आणि मोजणी. चीर घेण्याआधी सगळ्या घड्या, सुया, हत्यारे दोघी मिळून मोठ्याने मोजतात. फळ्यावर आकडा लिहितात. पोट शिवण्याआधी पुन्हा मोजतात. शिवून झाल्यावर पुन्हा. यकृत मोठे असते. त्याच्यामागे रक्ताने भिजलेली घडी दडून बसली तर डोळ्यांना दिसत नाही. आकडा एकाने जरी कमी आला तरी सिस्टर सर्जनला थांबवतात. कितीही मोठा डॉक्टर असो, थांबावे लागते. धनगर संध्याकाळी मेंढरे मोजतो. एक कमी असले तर वाडगे लावत नाही. तसेच हे.

लांबलेल्या ऑपरेशनमध्ये अंग गार पडते. गार रक्त नीट गोठत नाही. म्हणून मामांच्या अंगावर गरम हवेचे पांघरूण होते, सलाईनही कोमट करून दिले होते. हातापायांखाली, टाचांखाली मऊ गाद्या होत्या. झोपलेल्या माणसाला टोचते म्हणून सांगता येत नाही, त्याच्याऐवजी सिस्टर बघतात.

काही रोग्यांच्या यकृताचा भागच कापून काढावा लागतो. कर्करोगाची गाठ असली म्हणजे असे करतात. तेव्हा रक्तस्राव आवरायला सर्जन यकृताकडे रक्त नेणारी वाट काही मिनिटे चिमट्यात धरतात. ग्लासगोच्या प्रिंगल नावाच्या सर्जननी १९०८ साली ही युक्ती छापून प्रसिद्ध केली. पण वाट फार वेळ बंद राहिली तर यकृतच मरेल. म्हणून घड्याळाकडे बघून मिनिटे पुकारायची. "दहा झाली. पंधरा झाली." चिमटा सुटतो, रक्त वाहते, पुन्हा धरतात. निरोगी यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढला तरी उरलेले यकृत काही आठवड्यांत, महिन्यांत वाढून भरून येते. शरीराच्या आतल्या दुसऱ्या कुठल्याही अवयवाला हे असे जमत नाही. म्हणून तर जिवंत माणूस आपल्या यकृताचा तुकडा आपल्या आजारी नातेवाइकाला देऊ शकतो. आपल्या देशात १९९४ सालच्या कायद्याप्रमाणे हे करतात.

मामांचे ऑपरेशन साडेचार तास चालले. गाठ निघाली. पाणी सांडले नाही. पोटात एक नळी ठेवली. तिचे दुसरे टोक बाहेर पिशवीत.

आता सर्जनचे काम झाले. सिस्टरच्या रात्री सुरू झाल्या.

पहिल्या काही तासांत दर पंधरा मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वास. मामांना वाटे, झोपू का देत नाहीत? पण आत रक्त गळू लागले तर ते बाहेर दिसतेच असे नाही. आधी नाडी जलद होते, अंग गार-ओले होते, माणूस कासावीस होतो. रक्तदाब नंतर पडतो. जी सिस्टर नाडीवरून ओळखते ती माणूस वाचवते. लघवीची पिशवीही दर तासाला मोजतात. पन्नास किलोच्या माणसाला तासाला निदान पंचवीस मिलिलिटर लघवी व्हावी. कमी झाली तर कुठेतरी बिघडते आहे.

पोटातल्या नळीची पिशवी सिस्टरनी मामींना दाखवली. "रंग बघत जा मामी. आज तांबूस आहे. उद्या फिका पडायला हवा. लालभडक झाला, पिशवी भराभर भरू लागली, तर मला हाक मारा. हिरवट-पिवळा झाला तरी हाक मारा. पिशवी नेहमी खाटेच्या खाली. नळी अंगाखाली दबू द्यायची नाही."

मामींनी वर्गाची वही काढली. तिच्या मागच्या पानावर रकाने पाडले. वेळ, पाणी किती प्यायले, पिशवीचा रंग. अक्षर वाकडे होते. "तांबूस" हा शब्द त्यांनी तीन तऱ्हांनी लिहिला. सिस्टरची नोंद वेगळी असतेच. तरी दिवसातून एकदा सिस्टर ती वही बघत आणि आपल्या कागदाशी ताडून पाहत.

यकृत कोठार आहे, हे आपण वर पाहिले. ज्यांच्या यकृताचा मोठा भाग काढला आहे, त्यांचे कोठार रिकामे असते. त्यांच्या रक्तातली साखर अचानक उतरते. म्हणून बोटाला टोचून वरचेवर साखर तपासतात. तसेच विष गाळण्याचे काम मंदावले तर माणूस गुंगीत जातो. वार सांगता येत नाही, दिवसा झोपतो, रात्री जागतो, हात पुढे धरायला लावले तर पंजे फडफडतात. नातेवाइकाला वाटते, दमलाय, झोपू दे. सिस्टर मात्र उठवून विचारतात, "मामा, आज वार कोणता?" या प्रश्नाचा राग मानू नका. दुखण्याचे औषधही यकृतातूनच जाते. म्हणून ते मोजून, वेळ पाहून देतात. घरची गोळी गुपचूप देऊ नका. डोकेदुखीची साधी पॅरासिटामॉलसुद्धा अशा वेळी जास्त झाली तर यकृताला घातक ठरते.

दुसऱ्या दिवशी मामांना खाटेवरून उतरवले. मामी म्हणाल्या, "अजून टाका ओला हाय, आणि चालवता?" पडून राहिले तर पायात रक्ताच्या गुठळ्या होतात आणि त्या फुप्फुसात जाऊन अडकतात. म्हणून चालवायचे. एका बाजूला सिस्टर, एका बाजूला पुतण्या, पिशवी हातात. दारापर्यंत आणि परत.

चौथ्या दिवशी पहाटे मामींना जाग आली. पिशवीतला रंग त्यांना निराळा वाटला. दिवा नीट नव्हता. त्यांनी मोबाईलचा उजेड धरला. काल लिहिले होते "फिका तांबूस." आज हळदीत हिरवे मिसळावे तसा रंग. मामा तर शांत झोपले होते. उगाच कशाला बोलवायचे, असा एक विचार त्यांच्या मनात आला. मग त्या उठल्या आणि सिस्टरच्या टेबलापाशी गेल्या. "बाई, हिरवट झालंया."

सिस्टर लगेच आल्या. पिशवी मोजली, पोट हाताने पाहिले, ताप पाहिला, डॉक्टरांना फोन केला. गाठीच्या जागी पित्ताची बारीक वाट उघडी राहिली होती. या ऑपरेशननंतर असे पुष्कळदा होते. नळीवाटे पित्त बाहेर येत होते, म्हणून पोटात साचले नाही. नळी तशीच ठेवली. रोज मोजले. गळती थांबली नसती तर तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या वाटेत नळी बसवावी लागली असती. ती वेळ आली नाही. मामींच्या वहीत आकडे उतरत गेले: एकशेवीस, नव्वद, चाळीस, दहा. मग नळी काढली.

घरी जाताना सिस्टरनी मामींना कागद वाचायला लावला. जंताच्या गोळ्या कधी, किती. वजन उचलायचे नाही. ताप, थंडी, डोळे पिवळे, लघवी गडद पिवळी, पोट फुगणे, काळी शी, यातले काही झाले तर वाट न बघता यायचे. घाट उतरायला गाडी मिळाली नाही तर १०८ ला फोन. सोनोग्राफी तीन महिन्यांनी, आणि पुढे काही वर्षे सांगतील तेव्हा, कारण गाठ पुन्हा होऊ शकते. दारू कायमची बंद.

"आणि कुत्री?" सिस्टरनी विचारले.

मामींनी कागद उलटा करून मागे लिहिले. दोन्ही कुत्र्यांना जनावरांच्या दवाखान्यात न्यायचे, जंताची गोळी द्यायची, ती सांगतील त्या मुदतीने पुन्हा द्यायची. जत्रेत कापलेल्या मेंढराचे खराब काळीज कुत्र्यापुढे टाकायचे नाही, खोल पुरायचे. "मुदत" हा शब्द लिहिताना त्या अडल्या. मामांनी खाटेवरूनच सांगितला, "म ला उकार दे."